कंदील आधी

हरिपूरच्या वाटेवर, चिंचांच्या मागं,
जमिनीत हळदीची पेवं होती.
तोंड घमेल्याएवढं, पोट खोलीएवढं.
कडेनं उसाचा पाला, वर लिंपलेली माती,
आणि मग महिन्यांमागून महिने
कुणी काही बोलायचं नाही.

आत थोडे किडे असायचेच.
मिळेल तेवढा श्वास ते घेत गेले,
उद्याचं काही न ठेवता,
आणि एकेक करत उताणे झाले.
बुरशीनंही आपला वाटा उचलला.
मग उरली ती हवा दिसायला हवाच होती,
ना वास, ना ठसका,
फक्त तिच्यातलं कर्तं माणूस
घर सोडून गेलेलं.
हळद तिच्यात पिवळीधमक राहिली.
"आपल्याला मारतंय तेच तिला राखतंय,"
आण्णा म्हणायचे, "यात कुणाची चूक न्हाई."

सातलिंग आण्णा. माझे वडील.
पेव उघडलं तरी लगेच उतरायचे नाहीत.
अडत्या घड्याळ बघायचा,
आण्णा तंबाखू मळत बसायचे,
एक दिवस, कधी दीड.
मग दोराला कंदील.

मी सात वर्षांची, काठावर पालथी.
ज्योत उतरत गेली, आधी लिंबाएवढी,
मग मिरीएवढी, मग नुसती निळी किनार,
मग कुणी जीभ आत ओढून घ्यावी तशी गेली.
वारा नव्हता. रॉकेल होतं. वात होती.
"सांग, काय कमी पडलं तिला?"
मला सांगता आलं नाही.
"चुलीत लाकूड हाय, पर फुंकर न्हाई.
माणसाचं बी तसंच असतंय, ल्येकी."

शिदाप्पानं एकदा कंदील नको म्हटलं.
घाई होती, मुलीचं साखरपुड्याचं सामान आणायचं होतं.
वर काढला तेव्हा मुठीत हळकुंड,
चेहरा दुपारी झोपलेल्या माणसाचा,
ओठ जांभळे.
त्याला काही कळलंच नसेल, असं सगळे म्हणाले.
आण्णा काही म्हणाले नाहीत.
मूठ त्यांनी सोडवली.

पुढं मी मिरजेला नर्सिंग शिकले.
फुप्फुसाच्या फांद्या जिथं संपतात
तिथं द्राक्षांसारखे घोस असतात, बाई सांगत होत्या,
आणि मला तासगावचा मांडव दिसत होता.
रक्तातलं लोखंड श्वास धरतं
आणि पुढं जाऊन सोडतं.
सोडतं, हे महत्त्वाचं.
नुसतं धरून बसलं असतं तर तो गंज.
मग पेशीच्या पार तळाशी
भाकरी जळते, ज्योतीशिवाय,
सदतीस अंशांवर, इतकी सावकाश
की या जळण्याला आपण अंगाची ऊब म्हणतो.
वहीच्या समासात मी एक कंदील काढला.
त्याला मार्क नव्हते.

मोठ्या पुरात पेवांत पाणी शिरलं.
हळद कुजली, काठ खचले,
आता तिथं कुणीतरी विटा रचून ठेवल्यात.

आणि आज रात्री, माझ्याच वॉर्डात,
दहा नंबरच्या खाटेवर आण्णा.
चाळीस वर्षं हळदीची धूळ आत घेतलेली छाती.
बोटाला मी चिमटा लावते,
नखाखाली लाल उजेड पेटतो,
कातडीतून, हाडाच्या कडेनं आत शिरतो.
ऐंशीवर आठ. नळी थोडी वाढवते.
ब्याण्णव. चौऱ्याण्णव.
आण्णा बोट डोळ्यांसमोर धरून बघत राहतात,
पिवळं नख, त्यात अडकलेला लाल ठिपका.

"माझ्यात कंदील सोडलाईस व्हय?"
"हो, आण्णा."
"जळतोय न्हवं?"
"जळतोय."
"मग उतरू दे मला."

डोळे मिटले. छाती वर, खाली, मध्ये जरा थांबून, वर.
शेजारच्या खाटेवरचा पाणी मागत होता,
मी ऐकलं, पण उठले नाही.
बाटलीत बुडबुडे येत होते.
नळीचं दुसरं टोक मी हातात धरून बसले,
दोर धरतात तसं,
ढील देत, ताण बघत.